मिरगाआधी विकायची चिंच

मला सगळं आठवत होतं. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर चार पानं लिहून मी पुन्हा तिथंच येईन – जिथं लोकांनी मला सोडलं आहे.

सावली हे माझं गाव. तिथले लोक चांगले आहेत. गेल्या वर्षी मशिदीमागच्या खोलीत मी जे बोललो ते ऐकून त्यांनी माझ्यासाठी आपणहून एक वाट काढून दिली. "मास्तरच्या ध्यानात राह्यलं नसन. शाळा हाये, मंडळ हाये, एका माणसानं काय काय ध्यानात ठेवाव?" मी त्यावर हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यामुळं मी विसरलो होतो असं आज गावात मानलं जातं. मी विसरलो नव्हतो. एक शब्दही नाही. मी जाणूनबुजून खोटं बोललो आणि त्या खोट्यापायी एका बाईंनी तीन वर्षं पैसे फेडले, जे त्यांचं देणं नव्हतं. यातला काही भाग मी नंतर सांगितला. पण एक गोष्ट अजून कुठंच सांगितलेली नाही. जुबेदाला – माझ्या बायकोला – सुद्धा नाही. ती तुम्हाला सांगायचं ठरवतो आहे. कारण तुमचा माझ्यावर विश्वास आहे म्हणून? की तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून? – दुसरंच खरं असावं.

मी शाळेत गणित शिकवतो. आठवीला सरळव्याज, नववीला चक्रवाढ. आणि ज्या मंडळाचा मी चिटणीस होतो त्या मंडळात व्याज घेणं हराम आणि देणंही हराम. शिक्षकांच्या खोलीत चिडवायचे – "मास्तर, दिवसा इयाज शिकवता अन् सांजच्याले पाप म्हणता. पोट्ट्यायनं नेमकं कोणचं खरं मानाव?" मी हसायचो. खरं सांगू? मला ते चिडवणं आवडायचं. त्यात आपण काहीतरी वेगळं, वरचं करतो आहोत असं वाटायचं.

मंडळ लहान होतं. तीसेक घरं. शिंपी, बांगडीवाले, एक सायकल दुकान, दोन ट्रक ड्रायव्हर, लाकूड डेपोवरून निवृत्त झालेले रहीमचाचा – ते अध्यक्ष. दर महिन्याला ज्याला जमेल तेवढं तो टाकायचा. त्या पैशातून दोन कामं. पहिलं कर्जे-हसना – आजारपण, लग्न, घराचं छप्पर, अशा नडीला शंभर घेतले तर शंभरच परत करायचे. दुसरं काम भागीदारीचं, जुने लोक त्याला मुदारबत म्हणायचे. पैसा मंडळाचा, कष्ट दुसऱ्याचे. नफा झाला तर ठरल्या वाट्यानं दोघांचा. तोटा झाला तर पैशाचा तोटा पैसेवाल्याचा. काम करणाऱ्याचे कष्ट वाया गेले, हाच त्याचा तोटा. वर पुन्हा त्याच्याकडून पैसे मागायचे नाहीत.

अपवाद एकच. करारातली अट त्यानं स्वतःच्या मर्जीनं मोडली आणि त्यामुळं माल बुडाला, तर भरपाई त्याची. आणि याची दुसरी बाजू – एकदा पैसा दिल्यावर पैसेवाल्यानं धंद्यात लुडबुड करायची नाही. माल कधी विकायचा, कोणाला विकायचा, हे काम करणाऱ्यानं ठरवायचं. हे सगळे नियम मंडळाच्या वहीत माझ्याच अक्षरात आहेत. चाचांकडच्या जुन्या उर्दू पुस्तकावरून मी ते मराठीत उतरवले होते.

सावकाराला माल का बुडाला याच्याशी देणंघेणं नसतं. आग लागो, पूर येवो, त्याचं व्याज चालूच. म्हणून त्याच्या ओट्यावर कोणाला खोटं बोलायची गरजसुद्धा पडत नाही. आमच्याकडं तसं नव्हतं. तोटा कोणाचा हे तो कसा झाला यावर ठरायचं, आणि कसा झाला हे शेवटी कोणाच्या तरी तोंडून ऐकावं लागायचं. मी सभेत सांगायचो, बघा, आमच्या पद्धतीत माणसाच्या शब्दाला केवढी किंमत आहे!

आता पारबताबाई.

त्या चामोर्शीच्या. तिथल्या बौद्ध मोहल्ल्यात त्यांचं घर. तेव्हा चाळिशीच्या असतील. नवरा जंगलकामावर झाड अंगावर येऊन कंबरेतून गेला होता, बसून असायचा. मुलगी भद्रावतीला दिलेली. बाईंचा धंदा चिंचेचा. लोकांच्या बांधावरची, अंगणातली झाडं घ्यायची, चिंच झोडपायची, मोहल्ल्यातल्या बायांना मजुरी देऊन ती सोलायची, चिंचोके काढायचे, आणि पोती भरून विकायची. तेलुगू मुलखातले व्यापारी खास त्यांच्याकडं यायचे. कधी सावलीच्या बाजारात आल्या की जुबेदाला चिंच देऊन जायच्या. जुबेदा म्हणायची, हिच्या चिंचेत एक शीर सापडत नाही.

एकदा ओसरीवर बसून त्यांनीच विषय काढला. व्यापारी सवाईनं पैसा देतात, शंभराचे तीन महिन्यांत सव्वाशे. "तुमच्या मंडळात इयाज नाई म्हणते, मास्तर. मंग तुमचं पोट कायनं भरते?"

मी त्यांना भागीदारी समजावून सांगितली. चांगली अर्धा तास. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे बुडालं तं तुमचं, अन् झाडावरून पडलं तं माह्यं. बरं हाये. पटलं मले."

मंडळात कुरकुर झाली. बाहेरगावची, बाहेरच्या धर्माची बाई कशाला? चाचांनी ती एका वाक्यात मोडली – "किताब में कहाँ लिखा है कि पैसा देते वक्त चिंच का मज़हब पूछो?" लोक हसले आणि ठराव झाला. तो ठराव मी मांडला होता. म्हणजे बाईंना आणलं मीच.

पहिलं वर्ष फार चांगलं गेलं. आमचा एक नियम ऐकून बाई हसल्या होत्या. बाकीचे व्यापारी झाड फुलोऱ्यावर असतानाच सौदा करतात. आम्हाला ते चालत नाही, जे अजून आलंच नाही ते विकत कसं घ्यायचं? झाडावर चिंच धरलेली दिसली पाहिजे, मगच बोली. "मंग आमच्या वाट्याले बाकीच्यायनं सोडलेलेच झाडं," त्या म्हणाल्या. पण त्या वर्षी वादळ झालं, फुलोरा गळून गेला. फुलोऱ्यावर पैसे लावलेले व्यापारी बुडाले. बाईंनी धरलेली झाडं बघून घेतली होती. हिशेब द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचा नियम भेकड हाये मास्तर, पण शाना हाये."

वार्षिक सभेत मी नफा वाचून दाखवला. कुरकुर करणारे गप्प झाले. एकानं तर उठून माझा हात हातात घेतला. त्या हाताची ऊब मला वर्षभर पुरली. पुरली कसली – आणखी हवीशी झाली.

दुसऱ्या वर्षी मंडळानं साडेसहा हजार दिले. करार लिहिताना बाईंनी स्वतः एक अट घालायला लावली. "लिवा – मिरगाच्या पयले माल विकीन. मिरग लागला का चिंच रडाले लागते." मी लिहिलं, माल मृगापूर्वी विकण्यात येईल. खाली त्यांनी सावकाश, एकेक अक्षर बसवत सही केली. त्यांना कागदावर विश्वास होता. माझ्यावरही.

मे संपत आला होता. मी चंद्रपूरहून येत होतो. गाडीत शेजारी सिरोंच्याकडचा एक व्यापारी बसला होता. बोलता बोलता म्हणाला, यंदा पोळ्यानंतर चिंच दीडपट जाणार. एवढंच. त्यानं मला काही सल्ला दिला नव्हता. पण माझ्या डोक्यात आकडा फिरायला लागला – पुढच्या सभेत मी कोणता आकडा वाचून दाखवीन तो. सावलीला उतरायचं सोडून मी गडचिरोलीपर्यंत गेलो, गाडी बदलून चामोर्शीला उतरलो. बाजाराचा दिवस होता.

बाई वजनकाट्याजवळ उभ्या होत्या. मागं भरलेली पोती. समोर तेलुगू व्यापारी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेला. अर्धं तेलुगूत, अर्धं बोटांवर भाव चालला होता, आणि बाई त्याला कसल्यातरी गोष्टीवरून खिजवत होत्या. तो हसत होता. सौदा होतच आला होता. मी त्यांना बाजूला बोलावलं, एस.टी. स्टँडच्या भिंतीजवळ.

"पोळ्यापर्यंत थांबा बाई. भाव दीडपट होतो आहे."

"पोळ्याले चिंच नाई, चिखल विकाव लागन, मास्तर."

"खोली पक्की आहे, वर टिनाचे पत्रे आहेत. मीठ लावून दाबून ठेवा."

"कागदावर तं मिरगाच्या पयले लिवलं हाये ना?"

"कागद कोणी लिहिला? मीच ना? पैसा मंडळाचा आहे, आणि मी सांगतो आहे, थांबा."

त्यांनी एकदा व्यापाऱ्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "तुमी सांगून राह्यले तं ठीक हाये."

व्यापारी दुसऱ्या काट्याकडं गेला.

त्या पाच मिनिटांत मी काय काय केलं, बघा. मी धंद्यात हात घातला, जो घालायचा नव्हता. महाग होईल म्हणून माल अडवून ठेवायला सांगितलं, आणि तेही आमच्यात निषिद्ध आहे – त्याच वहीत, माझ्याच अक्षरात. करारातली अट तोंडी मोडली, कागदावर न उतरवता. आणि कशासाठी? पैशासाठी म्हणावं तर माझ्या वाट्याला त्यातून दहा-पंधरा रुपये आले असते. एका आकड्यासाठी. सभेत उभं राहून वाचायच्या आकड्यासाठी.

मृग लागला. त्या वर्षी पाऊस कसा होता हे इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. ऑगस्टमध्ये मी चामोर्शीला गेलो तेव्हा खोलीच्या दारातच तो वास आला. चिंच काळी पडली होती. पोत्यांखालून पाणी सुटून उंबऱ्यापर्यंत आलं होतं. बाईंनी खोलीत शेगड्या पेटवून पाहिल्या होत्या, पोती एकेक करून उपसली होती, वरखाली केली होती. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते, नखं सुजलेली. अळ्या पडल्या होत्या. शेवटी तांब्या-पितळेच्या भांडेवाल्यानं चौदाशेला सगळा माल उचलला, भांडी घासायला.

मी सांगितलं होतं ना, असं त्या म्हणाल्या नाहीत. एकदाही नाही. एवढंच म्हणाल्या – "मंडळात काय झालं ते तुमीच सांगा, मास्तर. मी सांगतलं तं भांडण वाटन. तुमच्या तोंडचं लोकायले पटन."

आता मी तिथं आलो, जिथं यायला मला इतकं लिहावं लागलं.

शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज झाली, आणि मशिदीमागच्या खोलीत दहा-बारा जण बसलो. बाई दाराजवळ, सतरंजीच्या काठावर. चाचांनी करार वाचला. मृगापूर्वी विकण्यात येईल. मग त्यांनी बाईंना मराठीत विचारलं, "बाई, कागदावर असं आहे. माल का थांबवला?"

"मास्तरायले इचारा," बाई म्हणाल्या. त्यांना काळजी नव्हती. त्यांनी ते सगळं माझ्या हवाली केलं होतं.

चाचा माझ्याकडं वळले. "मास्तर, तुमने रोका था क्या?"

मी बोलायला किती वेळ घेतला असेल? एक श्वास. पण त्या श्वासात एक गोष्ट झाली, आणि तीच मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. मी खोलीभर नजर फिरवली. मी मोजलं. बारा माणसं, सगळी आमची. खोली आमच्या मशिदीची. दाराशी एक बाई, परगावची, परधर्माची, आणि ज्यांच्या शब्दावर गाव आधी शंका घेतं आणि मग विचार करतं, अशांच्या मोहल्ल्यातली. माझ्यासमोर तिचा शब्द टिकणार नाही, हे मी आधी बघून घेतलं. खात्री करून घेतली. गणिताच्या माणसाला किती वेळ लागतो? – आणि मगच तोंड उघडलं.

म्हणजे मी घाबरून बोललो, तोंडातून निघून गेलं, असं कोणी समजेल, तर तेही खरं नाही. घाबरलो होतो. चाचांचा चेहरा, तो हातात घेतलेला हात, ती शाबासकी, सगळं जाणार म्हणून घाबरलो होतो. पण घाबरलेला माणूस आधी जागा पाहून घेतो का?

मी म्हणालो, "मी फक्त भाव सांगितला होता. पोळ्यानंतर वाढेल असं ऐकलं, ते कळवलं. माल कधी विकायचा हे नियमाप्रमाणे काम करणाऱ्यानं ठरवायचं असतं."

बघितलंत? नियमच पुढं केला. ज्या नियमानं मला हात घालू नकोस म्हणून सांगितलं होतं, त्याच्याच मागं जाऊन लपलो.

"भाव सांगतला?" बाई म्हणाल्या. प्रश्नही नव्हता तो. शब्द नीट ऐकला की नाही याची खात्री करून घ्यावी, तसं. मग म्हणाल्या, "बरं."

कोणीतरी म्हणालंच, बाहेरच्या माणसाला पैसा दिला की असं होतं. त्यावरही मी गप्प बसलो. ठराव झाला – अट मोडून, निष्काळजीपणे माल थांबवला, सबब तोटा त्यांचा. पाच हजार शंभर. हप्ते त्यांच्या सोयीनं. व्याज अर्थातच नाही. तो ठराव वहीत मी लिहिला. निष्काळजीपणे हा शब्द मला कोणी सांगितला नव्हता. चाचा एवढंच म्हणाले होते, अट मोडली असं लिहा.

बाईंचा धंदा त्या दिवशी संपला. वर्षाच्या आत त्या नवऱ्याला घेऊन भद्रावतीला मुलीकडं गेल्या, तिथल्या कारखान्याच्या कॉलनीत दोन-तीन घरी स्वयंपाकाला लागल्या. आणि दर महिन्याला सावलीच्या बाजाराच्या दिवशी त्या दोन गाड्या बदलून यायच्या. दीडशे, कधी शंभर, एकदा दोनशे. मी पावती लिहायचो. 'पारबताबाईंकडून मिळाले.' जुबेदा चहा करायची. बाई तिच्याशी नातवाचं बोलायच्या, कॉलनीतल्या बायांच्या नकला करायच्या – "एक बाई म्हणते, भात मोकळा पायजे. म्या म्हटलं, मोकळा पायजे तं मले बी थोडी मोकळी सोड ना बावा!" जुबेदा हसून हसून बेजार. मी आतल्या खोलीत पावतीवर तारीख टाकत बसायचो. कधी वाटलं नाही का, उठावं आणि सांगावं? वाटलं. दर महिन्याला वाटलं. दर महिन्याला मी पुढच्या महिन्यावर टाकलं.

वार्षिक सभेत मी वाचून दाखवायचो – सदर रकमेवर एक पैसाही व्याज घेतलेलं नाही. लोक समाधानानं माना हलवायचे. मीसुद्धा.

तीन वर्षांनी शेवटचा हप्ता आला. बाई उठल्या नाहीत. "मास्तर, एक कागद द्या. चामोर्शीले झाडवाले मले झाड देत नाईत. म्हणते, सावलीच्या मंडळानं तुले बेइमान ठरवलं. मी तं परत धंदा करतो म्हणतो."

मी कागद घेतला. माझ्यासमोर कोरा कागद होता, हातात पेन होतं, आणि समोर त्या होत्या – यापेक्षा सोपी वेळ माणसाला कधी मिळते? मी लिहिलं, 'सर्व रक्कम चुकती केली आहे. त्यांच्याकडं मंडळाचं काहीही बाकी नाही.' सही केली, शिक्का मारला.

त्यांनी तो स्वतः वाचला. बोट फिरवत, दोनदा. "यात पैशाचंच लिवलं हाये," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी घडी घातली आणि गेल्या. झाडं त्यांना त्या वर्षीही मिळाली नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात रहीमचाचा हजला निघाले. आमच्यात रीत आहे, निघण्याआधी माणूस घरोघर जातो आणि कहा-सुना माफ करा म्हणून येतो. कोणाचं देणं, कोणाचं मन दुखावलेलं, काही पाठीवर घेऊन जायचं नाही. चाचा काठी टेकत आमच्याकडं आले. गुडघे त्रास द्यायला लागले होते, ओसरीची पायरी चढायला मी हात दिला. बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "उस चिंचवाली बाई का फैसला मैंने तुम्हारे कहने पर किया था, मास्तर. उस में कुछ गलत हुआ हो तो अभी बता दो. मैं उतारकर जाऊँगा."

आणि मी – "नहीं चाचा. फैसला ठीक था."

हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा हे मोठं आहे असं मला वाटतं. तिथं माझं काहीतरी जाणार होतं. इथं तर एक म्हातारा माझ्या ओसरीवर हात पुढं करून बसला होता, आणि मी त्याच्या पाठीवर माझं ओझं ठेवून त्याला मुंबईच्या गाडीत बसवलं. गळ्यात हार घालून.

ते गेल्यावर मला नमाजीला त्या खोलीवरून जाणं जमेना. झोप, भूक, हे सगळं सांगत बसत नाही. त्याचं कोणाला काय. एका रविवारी मी भद्रावतीची गाडी धरली.

बाई एका क्वार्टरच्या मागच्या दाराशी सुपात तांदूळ निवडत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. मी उभ्या उभ्याच बोललो. एस.टी. स्टँडच्या भिंतीपासून चाचांपर्यंत. फक्त ती नजर फिरवल्याची गोष्ट तिथंही माझ्या तोंडून निघाली नाही. बोलताना रडायला आलं.

"रडू नोका," त्या म्हणाल्या. "तुमच्या दारात छत्तीस डाव आली, मी रडली का?"

मी म्हणालो, पैसे मी परत करतो, माझ्या फंडातून काढून, सगळे.

"ते तं द्याचेच हायेत. ते माफी नाई होय." सुपातला एक खडा त्यांनी अंगणात फेकला. "अन् हे सारं मले काऊन सांगून राह्यले, मास्तर? मले तं ठाऊकच हाये. ज्यायले ठाऊक नाई, त्यायले सांगा ना."

त्यांनी सूप पुन्हा हलवलं.

"तुमच्या खोलीत सांगा. अन् चामोर्शीच्या बाजारात बी. खोलीतले काई मले झाड नाई देत."

चाचा परत आल्यावर मी खोलीत सांगितलं. पण कसं? 'माझ्याकडून त्या वेळी चुकीचं सांगितलं गेलं.' सांगितलं गेलं! कोणाकडून? म्हणूनच लोकांना ती विसरल्याची वाट सापडली. चाचा मात्र तिथून उठले, माझ्या सलामाला उत्तर न देता काठी घेऊन बाहेर गेले. वहीतला तो ठराव मी सगळ्यांसमोर खोडला, चिटणीसपद सोडलं, फंडाचे पैसे बाईंच्या हातात दिले. त्यांनी ते मोजले, कमरेला लावले, आणि विचारलं, "बाजारात कधी येता?"

दिवाळीनंतरचा बाजार होता. बाई मला घेऊन सरळ तिथं गेल्या जिथं आसपासच्या गावचे झाडवाले बसतात, धान विकून झाल्यावर विडी ओढत. "हे सावलीचे मास्तर," त्या म्हणाल्या. "यायले तुमाले काई सांगाचं हाये." आणि बाजूला झाल्या.

मी बोलायला लागलो. माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो, तिथं तो चार हातांवर पोचेना.

"जोरानं बोला ना मास्तर," मिरच्यांच्या ढिगामागून कोणीतरी ओरडलं, "मांगं काईच आयकू येऊन नाई राह्यलं!"

हसले लोक. मी बाईंकडं पाहिलं. त्या हसत नव्हत्या.

"पयल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या.

म्हणून मी पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यानं – "या बाईंनी याच बाजारात, गिऱ्हाईक समोर उभं असताना, माल विकते म्हटलं होतं. मी त्यांना अडवलं. माल माझ्या सांगण्यावरून सडला. मंडळानं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. चुकून नाही, मुद्दाम. त्यांना निष्काळजी मी लिहिलं, माझ्या हातानं. त्यांनी जे भरलं ते त्यांचं देणं नव्हतं, माझं होतं. यांनी आयुष्यात कोणाला बुडवलेलं नाही. मी यांना बुडवलं. पारबताबाई, मी तुमचा गुन्हा केला आहे. हे मी तुमच्या गावात, तुमच्या लोकांसमोर कबूल करतो."